तापमान शून्य, गजर गप्प: एका जावा प्रोग्रामच्या छपाई-वाचनाचं प्रकरण

शीतगृहातल्या तापमानाची नोंद ठेवणारी एक प्रणाली. तिचे दोन भाग. प्रत्येक शीतकक्षाजवळ एक छोटा लिनक्स संगणक बसवलेला असतो. त्यावरचा जावा प्रोग्राम दर मिनिटाला सेन्सरकडून तापमान आणि आर्द्रता घेतो आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एक ओळ लिहितो. फाइल थोड्या थोड्या वेळाने मुख्य सर्व्हरवर जाते. तिथला दुसरा जावा प्रोग्राम ती वाचतो, आकडे डेटाबेसमध्ये टाकतो, आलेख काढतो आणि तापमान ८ अंशांच्या वर गेलं की गजर वाजवतो.

ओळीची रचना साधीच होती. आधी यंत्राचा तीन अंकी क्रमांक, मग नोंदीचा अनुक्रमांक, वेळ, तापमान, आर्द्रता आणि शेवटी शेरा, जो बहुतेक वेळा रिकामाच. मध्ये स्वल्पविराम. लिहिणारा क्लास आणि वाचणारा क्लास वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळी लिहिलेले. दोघांमधला करार कुठेही कागदावर नव्हता. 'फाइल उघडून बघा, कळेल' एवढाच.

सगळ्या संगणकांवर जावा ८ ही जुनी आवृत्ती काढून जावा १७ बसवलं आणि एका कक्षाचा आलेख शून्यावर आडवा झाला. बाकीचे कक्ष व्यवस्थित. या कक्षाच्याही नोंदी वेळेवर येत होत्या, यंत्राचा क्रमांक बरोबर होता, अनुक्रमांक एकेकाने वाढत होता. फक्त तापमान शून्य आणि आर्द्रता शून्य. साहजिकच संशय सेन्सरवर गेला. सेन्सर बदलला, वायर बदलली, शून्य काही हललं नाही. कक्षातला भिंतीवरचा तापमापक मात्र चार-सव्वाचार दाखवत होता.

मग प्रकरण प्रोग्रामवाल्यांकडे आलं.

फाइलमध्ये काय होतं

कक्षाजवळच्या संगणकावर बसणाऱ्या माणसाने फाइल उघडून पाहिली होती. तापमानाच्या रकान्यात '४.२५' होतं. त्याने कळवलं, 'आमच्याकडून बरोबर जातंय.' सर्व्हरवाल्यांनी डेटाबेस पाहिला, तिथे शून्य. त्यांनी कळवलं, 'आमच्याकडे शून्यच येतंय.' दोघांनी खरोखर पाहिलं होतं आणि दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत होते. निम्मा वेळ या दोन वाक्यांच्या देवाणघेवाणीत गेला.

उलगडा झाला तो फाइलचे बाइट पाहिल्यावर. तापमानातला 'चार' एका बाइटचा नव्हता, तीन बाइटचा होता. म्हणजे तो अंक इंग्रजी नव्हता, देवनागरी होता. यंत्राचा क्रमांक आणि अनुक्रमांकही देवनागरी अंकांतच होते. पण त्याच ओळीतली वेळ मात्र सरळ एक-एक बाइटच्या इंग्रजी अंकांत! एकाच ओळीत दोन लिप्यांचे अंक, आणि ओळ लिहिणारा प्रोग्राम एकच.

त्या संगणकावर बसणाऱ्या माणसाने स्वतःच्या सोयीसाठी भाषा मराठी करून घेतली होती. बाकी सगळे संगणक इंग्रजीवर होते. आणि मराठी वाचणाऱ्याला फाइलमध्ये '४.२५' दिसलं तर त्यात खटकण्यासारखं काय आहे? डोळ्याने तपासणी करण्याची मर्यादा इथे अगदी उघडी पडते: माणसाला जे वाचता येतं ते यंत्रालाही वाचता येत असेल, असं आपण गृहीत धरतो.

न दिलेला आर्ग्युमेंट

लिहिणाऱ्या क्लासमध्ये 'स्ट्रिंग.फॉरमॅट' वापरलं होतं: क्रमांकासाठी '%०३डी', तापमानासाठी '%.२एफ', वेळेसाठी आधीच तयार केलेली स्ट्रिंग आणि '%एस'. २००४ साली जावा ५ बरोबर फॉरमॅटर आणि स्कॅनर हे दोन्ही क्लास आले, तेव्हापासून या मेथडची दोन रूपं आहेत. एकात पहिला आर्ग्युमेंट, म्हणजे मेथडला पुरवायचं मूल्य, लोकेल असतो: अंक, चिन्हं, नावं कोणत्या भाषा-प्रदेशाच्या पद्धतीने लिहायची याची निवड. दुसऱ्यात नसतो. नसतो म्हणजे लोकेल वापरला जात नाही असं नव्हे. मेथड गुपचूप यंत्राचा डीफॉल्ट लोकेल विचारते. जो आर्ग्युमेंट दिसतच नाही, त्याच्याबद्दल कोड-रिव्ह्यूमध्ये कोण प्रश्न विचारणार?

'%डी' आणि '%एफ' दोन्ही लोकेल पाळतात. लोकेलचा 'शून्य' हा अंक कोणता ते फॉरमॅटर बघतो आणि तिथपासून मोजून बाकीचे नऊ अंक बसवतो. डावीकडे भरायची शून्यंसुद्धा त्याच लिपीतली येतात. 'टूस्ट्रिंग' (मूल्याचं साधं अक्षरी रूप देणारी मेथड) मात्र लोकेलकडे ढुंकूनही बघत नाही, तिथे कायम इंग्रजी अंक. आणि जावा ८ मध्ये आलेला डेटटाइमफॉरमॅटर तिसरंच करतो: 'ऑफपॅटर्न' महिन्यांची आणि वारांची नावं डीफॉल्ट लोकेलमधून घेतो, पण अंक मुद्दाम सांगितल्याशिवाय इंग्रजीच ठेवतो. ओळीतली वेळ इंग्रजी अंकांत का होती, ते इथे कळलं. 'अंक कोणत्या लिपीत छापू?' या एकाच प्रश्नाला एकाच प्रमाण लायब्ररीची तीन उत्तरं आहेत.

मग जावा ८ असताना हे सगळं सुरळीत कसं चाललं होतं? लोकेल तेव्हाही मराठीच होता. फरक पडला तो लोकेलच्या माहितीत. जावा ८ डीफॉल्टने स्वतःच्या जुन्या लोकेल-माहितीवर चालायचं आणि त्या मोजक्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती. माहिती सापडली नाही की प्रकरण मूळ, म्हणजे रूट लोकेलवर जायचं आणि अंक इंग्रजी यायचे. सप्टेंबर २०१७ च्या जावा ९ पासून युनिकोड कन्सॉर्टियमची सीएलडीआर माहिती (भाषांच्या लेखन-संकेतांचा साठा) डीफॉल्ट झाली. तिच्यात मराठीचे डीफॉल्ट अंक देवनागरी आहेत. गंमत म्हणजे हिंदीचे डीफॉल्ट अंक तिथे इंग्रजी ठेवलेले आहेत. जावा १७ वर त्या माणसाने मराठीऐवजी हिंदी निवडली असती तर अंक इंग्रजीच आले असते, आणि दोष तसाच दबा धरून बसला असता.

निम्मं वाचलं, निम्मं नाही

आता वाचणाऱ्याकडे. तिथे क्रमांकांसाठी 'इंटिजर.पार्सइंट' आणि दशांशांसाठी 'डबल.पार्सडबल'. नावं सख्ख्या भावंडांसारखी, स्वभाव वेगळे. पार्सइंट प्रत्येक अक्षर 'कॅरॅक्टर.डिजिट'कडे नेऊन विचारतो, हा अंक आहे का? युनिकोडमधला कोणत्याही लिपीचा दशमान अंक तिथे चालतो. त्यामुळे '०१७' देवनागरीत आलं तरी त्याला निमूटपणे सतरा मिळतात. पार्सडबल फक्त इंग्रजी अंक ओळखतो. देवनागरी '४.२५' दिलं की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन, म्हणजे 'ही संख्या वाचता येत नाही' अशी त्रुटीची हाक.

म्हणून पूर्णांकांचे रकाने बरोबर आणि दशांशांचे शून्य. लक्षणांचा अर्थ लागला. पण एक्सेप्शन आलं होतं तर ते दिसलं का नाही?

कारण वाचणाऱ्या क्लासमध्ये एक मदतनीस मेथड होती. नाव 'सुरक्षितडबल'. काम: पार्सडबल करून बघायचं, एक्सेप्शन आलं तर पकडायचं आणि ०.० परत द्यायचं. लॉगमध्येसुद्धा काही नाही. माझ्या मते या प्रकरणातला खरा दोष इथे आहे. देवनागरी अंकांनी तो फक्त उजेडात आणला. शून्य अंश हे तापमानाचं खरंखुरं मूल्य आहे. 'वाचता आलं नाही' आणि 'शून्य अंश आहे' या दोन गोष्टींना एकच खूण दिली की पुढे त्या वेगळ्या करणं कोणाच्या बापाला शक्य नाही. शिवाय गजर वाजायचा तो ८ च्या वर. शून्यावर आलेला कक्ष प्रोग्रामच्या लेखी सगळ्यात थंड, म्हणजे सगळ्यात सुखरूप. आतला माल वितळला असता तरी गजर गप्पच राहिला असता.

जुन्या फाइली चाळताना याच जातीचा आणखी एक नमुना सापडला. सेन्सरचा संपर्क तुटला की सेन्सरची लायब्ररी 'एनएएन', म्हणजे 'ही संख्याच नाही' असं मूल्य देते. ते तसंच फाइलमध्ये छापलं जायचं, आणि पार्सडबल हे अक्षरी मूल्य बिनतक्रार स्वीकारतो. त्याच्या बाबतीत '८ पेक्षा मोठं आहे का' याचं उत्तर नेहमी 'नाही'. गजर इथेही गप्प, आणि दिवसाची सरासरीही एनएएन. जो पार्सर देवनागरी चारवर आक्षेप घेतो, तोच सेन्सर बंद पडल्याची खूण मात्र संख्या म्हणून आत घेतो.

जर्मन असता तर

कारण कळल्यावर एक प्रयोग करून पाहिला. लिहिणारा प्रोग्राम जर्मन लोकेलवर चालवला. जर्मनमध्ये दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. सव्वाचारचं तापमान 'चार स्वल्पविराम पंचवीस' असं छापलं गेलं, आणि ओळीचं विभाजक चिन्हही स्वल्पविरामच. वाचणाऱ्याने ओळ तोडली तेव्हा तापमान ४ आणि आर्द्रता २५! दोन्ही पार्सडबलला पसंत. एक्सेप्शन नाही, शून्य नाही, आलेख छान वर-खाली होतोय, फक्त खोटा.

रकाने वाढले हे तरी लक्षात यायला हवं होतं, पण वाचणारा फक्त 'किमान पाच रकाने आहेत ना' एवढंच तपासत होता. सहा का नाही, पाचच का? जावाची 'स्प्लिट' मेथड शेवटचे रिकामे तुकडे टाकून देते. शेरा रिकामा असला की सहाऐवजी पाचच तुकडे हाती लागायचे, म्हणून कोणीतरी अट सैल केली होती. 'स्प्लिट'ला दुसरा आर्ग्युमेंट उणे एक दिला की रिकामे तुकडेही मिळतात आणि अट 'बरोबर सहा' अशी ठेवता येते. एक छोटी सोय न कळल्यामुळे अट सैल झाली आणि सैल अटीतून जर्मन स्वल्पविराम आत आला असता. मराठी लोकेलने निदान शून्य तरी दाखवलं, हे नशीबच म्हणायचं.

इतर भाषांत हे कसं घडलं असतं, तेही थोडक्यात सांगतो. पायथनची एफ-स्ट्रिंग मुद्दाम सांगितल्याशिवाय लोकेल विचारत नाही, आणि तिथले 'इंट' व 'फ्लोट' दोन्ही देवनागरी अंक स्वीकारतात. म्हणजे जावातली ही विषमता तिथे नाही. सी शार्प अंक कायम इंग्रजी छापतं, त्यामुळे मराठीने काही बिघडलं नसतं, पण दशांश चिन्ह चालू कल्चरप्रमाणे (तिथला लोकेल) बदलतं, म्हणून जर्मनचा सापळा तिथेही आहे. त्यासाठी इनव्हेरियंट कल्चर द्यावं लागतं. सी++ च्या स्ट्रीममध्ये लोकेल स्ट्रीमलाच जोडलेला असतो, छापणं आणि वाचणं दोन्ही त्याच्याच मार्फत होतं आणि कोणी बदलला नाही तर तो तटस्थ 'सी' लोकेल असतो. सी++२० चं नवं 'फॉरमॅट' तर मुद्दाम खूण केल्याशिवाय लोकेल वापरतच नाही. या बाबतीत जावाने निवडलेला डीफॉल्ट मला पटत नाही. पण आता तो बदलणार नाही, हे धरूनच कोड लिहायचा.

सुचवले गेलेले उपाय

पहिली सूचना अर्थातच 'त्या संगणकाची भाषा इंग्रजी करा.' त्याने लक्षण गेलं असतं आणि त्या माणसाची मराठीही.

दुसरी सूचना जरा अभ्यासू होती: जावा चालवताना लोकेल-पुरवठादार म्हणून 'कॉम्पॅट' द्यायचा, म्हणजे जावा ८ ची जुनी माहिती परत मिळते. जावा १७ मध्ये हे चालतं. पण जर्मन स्वल्पविराम जुन्या माहितीतही होताच, आणि जावा २३ मधून कॉम्पॅट काढूनच टाकलं आहे. आजचं दुखणं पुढच्या अपग्रेडवर ढकलायचं, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी सूचना प्रोग्राम सुरू होतानाच डीफॉल्ट लोकेल रूट करून टाकण्याची. जावा ७ पासून डीफॉल्ट लोकेलचे दोन प्रकार वेगळे ठेवता येतात, दाखवण्याचा आणि फॉरमॅटचा. फक्त फॉरमॅटचा बदलला तर मेनू मराठीच राहतात. तातडीचा इलाज म्हणून हा लगेच लावला, कारण गजर चालू होणं महत्त्वाचं होतं. कायमचा म्हणून नाही ठेवला. एक तर हा सगळ्या प्रोग्रामभर पसरलेला बदल. कोणतीही लायब्ररी तो पुन्हा बदलू शकते. दुसरं म्हणजे मग स्क्रीनवरचे अंकही इंग्रजी होतात, आणि तिथे ते मराठी असायला कोणाचीच हरकत नव्हती.

चौथी सूचना सगळ्यात मोहात पाडणारी होती: वाचणाऱ्याला देवनागरी अंकही शिकवा. चार ओळींचं काम. पण फाइल हा यंत्राने यंत्राशी केलेला व्यवहार आहे, त्यात उदारपणा कशाला? आज देवनागरी शिकवले, उद्या अरबी अंक येतील, त्यांच्याबरोबर अरबी दशांश चिन्ह येईल, परवा जर्मन स्वल्पविराम. प्रत्येक सवलतीबरोबर 'हे नक्की काय लिहिलंय' याची संदिग्धता वाढत जाते.

एक टूस्ट्रिंग, दोन वाचक

मुळाशी गेल्यावर दिसलं ते असं. जुन्या 'नोंद' क्लासमध्ये टूस्ट्रिंग ओव्हरराइड केलेली होती आणि स्ट्रिंग.फॉरमॅट तिच्या आत होतं. स्क्रीनवर ओळ दाखवायची असो की फाइलमध्ये लिहायची असो, दोन्हीकडे तीच. स्क्रीन वाचणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेतले अंक हवेत. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला कधीही न बदलणारे. या दोन गिऱ्हाइकांना एकच मेथड उत्तर देत होती. उद्या कोणी स्क्रीनवर तापमानापुढे अंशाचं चिन्ह मागितलं असतं तर फाइल मोडली असती, लोकेल कुठलाही असो.

नव्या रचनेत नोंद हा रेकॉर्ड आहे (जावा १६ पासून ही सोय पक्की झाली). त्यात दोन मेथड शेजारी-शेजारी: एक नोंदीची ओळ बनवते, दुसरी ओळीतून नोंद बनवते. जोडी एकाच फाइलमध्ये ठेवण्यात फायदा हा की एकीला हात लावणाऱ्याला दुसरी दिसतेच. लिहिणारा आणि वाचणारा असे दोन्ही प्रोग्राम आता हीच जार (तयार जावा कोडची फाइल) वापरतात. टूस्ट्रिंग जावाने दिलेली तशीच ठेवली; ती डीबगिंगपुरती, तिच्यावर कोणी अवलंबून राहायचं नाही. स्क्रीनसाठी वेगळा क्लास आहे, त्याला कन्स्ट्रक्टरमध्येच लोकेल द्यावा लागतो. न देता तो ऑब्जेक्ट तयारच होत नाही, त्यामुळे 'कोणासाठी छापतोय' हा प्रश्न टाळता येत नाही.

तापमान आता डबल (द्विमान पद्धतीने साठवलेली दशांश संख्या) नाही, बिगडेसिमल (दशमान अंक जसेच्या तसे जपणारा प्रकार) आहे. यामागे एक जुनी तक्रार होती: स्क्रीनवर ४.१२ आणि फाइलमध्ये ४.१३, असं अधूनमधून का होतं? मिनिटातल्या वाचनांची सरासरी बरोबर ४.१२५ आली की हे व्हायचं. फाइलसाठीचा '%.२एफ' अर्ध्याला वर ढकलतो. स्क्रीनवर पूर्ण ओळीऐवजी नुसतं तापमान दाखवायचं तिथे डेसिमलफॉरमॅट वापरला होता, आणि तो डीफॉल्टने अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी रास्त, पण एकाच आकड्याला दोन लावल्या की हिशोब जुळत नाही. आता पूर्णांकन एकदाच, नोंद तयार होताना, पद्धत स्पष्ट सांगून.

बिगडेसिमल घेताना एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा लागला. स्ट्रिंग घेणारा त्याचा कन्स्ट्रक्टर पार्सइंटप्रमाणेच कोणत्याही लिपीचे अंक स्वीकारतो. म्हणजे जुन्या वाचणाऱ्यात डबलऐवजी बिगडेसिमल असतं तर मराठी फाइलही वाचली गेली असती आणि कोणाला काहीच कळलं नसतं. कडक वाचन हवं तर आधी रेगेक्सने (मजकुराचा साचा जुळवणाऱ्या सूत्राने) रकाना तपासायचा. जावाच्या रेगेक्समधला 'डी' हा अंकवर्ग, युनिकोडचा पर्याय मुद्दाम चालू केला नाही तर, फक्त इंग्रजी अंकांनाच जुळतो; इथे नेमकं तेच हवं होतं. एनएएनही याच चाळणीत अडकतं. संपर्क तुटल्याची नोंद आता शेऱ्यात जाते आणि तापमानाचा रकाना रिकामा राहतो.

वाचणारी मेथड आता दोनपैकी एक गोष्ट परत देते: नोंद, नाहीतर त्रुटी. त्रुटीत ओळीचा क्रमांक, रकान्याचं नाव, मूळ मजकूर आणि त्या मजकुरातल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक. हा शेवटचा भाग काहींना अतिरेक वाटला. पण नुसता मजकूर दाखवला असता तर लॉग वाचणाऱ्यालाही पुन्हा '४.२५'च दिसलं असतं आणि 'मग चुकलंय काय' इथूनच सुरुवात. आणखी एक कारण आहे. जावा २० मध्ये नवी सीएलडीआर माहिती आली, तेव्हा इंग्रजी वेळेतल्या 'पीएम'च्या आधीची साधी मोकळी जागा बदलून तिथे अरुंद, न तुटणारी मोकळी जागा आली. छापून बघा, डोळ्याला फरक दिसत नाही. साधी जागा अपेक्षित धरून वाचणारे प्रोग्राम मात्र अडखळले. अशा वेळी अक्षराचा क्रमांकच खरं सांगतो.

फाइल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये मांडण्याची पद्धत) आधीपासूनच स्पष्टपणे यूटीएफ-८ दिलेलं होतं, ते तसंच ठेवलं. ते नसतं आणि संगणक विंडोजचा असता तर जावा १७ मध्ये प्लॅटफॉर्मचं डीफॉल्ट एन्कोडिंग लागलं असतं. त्यात देवनागरी बसत नसेल तर अंकांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली असती. यूटीएफ-८ सगळीकडे डीफॉल्ट झालं ते जावा १८ पासून.

माणसाने टाइप केलेलं

फाइलच्या बाबतीत कडक राहायचं ठरलं, तरी गजराची मर्यादा माणूस टाइप करतो. तिथे कडकपणा म्हणजे उद्धटपणा. मराठी कीबोर्डवरून कोणी 'साडेसात' हा आकडा देवनागरी अंकांत लिहिला तर तो घ्यायलाच हवा. नंबरफॉरमॅट तो घेतो. दोन्ही लिप्यांचे अंक त्याला कळतात. पण त्याची उदारता भलतीकडेच जाते. पार्स मेथडला फक्त स्ट्रिंग दिली तर सुरुवातीचा जेवढा भाग संख्या म्हणून वाचता येतो तेवढा ती घेते आणि उरलेला सोडून देते: '७.५ च्या वर' असं लिहिलं तरी साडेसात. हे एक वेळ चालेल. पण दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम पडून '७,५' झालं, तर मराठी आणि इंग्रजी लोकेलमध्ये स्वल्पविराम हजार-लाखाचं गट पाडणारं चिन्ह, म्हणून उत्तर पंचाहत्तर! गजराची मर्यादा पंचाहत्तर अंश. जावा २३ मध्ये नंबरफॉरमॅटला कडक वाचनाचा पर्याय आला आहे. १७ वर तो नाही, म्हणून पार्सपोझिशन देऊन वाचन स्ट्रिंगच्या शेवटापर्यंत पोहोचलं का ते तपासलं, या रकान्यापुरतं गट पाडणं बंद केलं, आणि वाचलेली मर्यादा माणसाला त्याच्याच लोकेलमध्ये परत दाखवून 'हीच ना?' असं विचारलं.

चाचण्या आणि जुनी माहिती

सगळ्या युनिट टेस्ट आता चार डीफॉल्ट लोकेलवर चालतात: मराठी, जर्मन, इजिप्तची अरबी आणि तुर्की. मुख्य टेस्ट एकच: कुठलीही नोंद ओळीत न्यायची, ओळीतून परत आणायची, मूळ नोंदीशी समान यायला हवी, आणि चारही लोकेलमध्ये ओळ बाइट-बाइट तीच हवी. तुर्कीने पहिल्याच फेरीत वेगळा बळी घेतला. शेऱ्याचा संकेत लहान अक्षरांत छापून वाचताना मोठ्या अक्षरांत करायचा आणि ईनममध्ये (ठरलेल्या संकेतांच्या यादीत) शोधायचा, अशी पद्धत होती. तुर्कीत लहान 'आय'चं मोठं रूप डोक्यावर टिंब घेऊन येतं, त्यामुळे ईनमला तो संकेत सापडेना. तिथेही रूट लोकेल स्पष्ट दिला. पुढे कोणी विसरू नये म्हणून बिल्डमध्ये 'फॉरबिडन एपीआयज' हे साधन लावलं; डीफॉल्ट लोकेल किंवा डीफॉल्ट एन्कोडिंग गुपचूप विचारणारी मेथड दिसली की बिल्ड थांबतं. जावा १५ मधली 'फॉरमॅटेड' ही मेथड मुद्दाम तपासली, कारण तिला लोकेल देण्याची सोयच नाही.

डेटाबेसमधली शून्यं निस्तरायचं काम सगळ्यात कंटाळवाणं झालं. कुठलं शून्य खरं आणि कुठलं 'सुरक्षितडबल'ने दिलेलं, हे डेटाबेसला विचारून कळणार नव्हतं. मूळ फाइली ज्या काळाच्या जपलेल्या होत्या, त्या एका वेगळ्या रूपांतरक प्रोग्राममधून काढल्या. देवनागरी अंक फक्त त्यालाच कळतात, आणि काम झाल्यावर तो बाजूला ठेवला. ज्या काळाच्या फाइली उरल्याच नव्हत्या तिथली शून्यं 'नल' (मूल्यच नाही) केली. आलेखात तिथे आता खंड दिसतो.

स्क्रीनची एक बाब अजून लोंबकळतेय. नोंदींचा अनुक्रमांक काही लाखांत गेला आहे आणि मराठी स्क्रीनवर तो '१२,३४,५६७' असा दिसावा अशी मागणी आहे. जावाचा डेसिमलफॉरमॅट पॅटर्नमधला फक्त शेवटचा गट लक्षात घेतो, त्यामुळे अंक देवनागरी आले तरी स्वल्पविराम '१,२३४,५६७' असे पडतात. आयसीयू४जे ही लायब्ररी लाखाची पद्धत व्यवस्थित जाणते, पण एवढ्यासाठी प्रत्येक छोट्या संगणकावर ती चढवायची का, यावर एकमत झालेलं नाही. तूर्त अनुक्रमांक स्वल्पविरामाशिवायच दाखवला जातो.